चौदा पॉइंट दोन

गाड्यांची वायरिंग करण्यात माझी तीस वर्षं गेली. चार्जिंग तपासणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. मीटरच्या दोन वायरी बॅटरीला लावायच्या, इंजिन चालू करायचं, दिवे पेटवायचे. आकडा चौदा व्होल्टच्या आसपास राहिला तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठणठणीत. बाराच्या खाली घसरत गेला, तर मेला.

ही पाच मिनिटं मी घरच्या गाडीला दिली नाहीत. बायकोने दोनदा सांगितलं होतं, "अहो, बॅटरीचा लाल दिवा लागतोय." मी म्हणालो, "रविवारी बघू." गिऱ्हाइकांच्या गाड्या आधी, घरची मागून, ही आमच्या धंद्यातली खोडच आहे. शनिवारी संध्याकाळी पुलावर तिची गाडी बंद पडली. मागून धडकलेला ट्रकवाला म्हणतो, गाडीला एकही दिवा नव्हता.

दीड महिन्याने पोलिसांकडून गाडी घरी आली. मागचा भाग चेपलेला, इंजिन शाबूत. मुलगी म्हणाली, "नका ना तपासू, बाबा. कळून काय होणार?" बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. पण दिवे माझ्यामुळे गेले की ट्रकवाला थापा मारतोय, हे मला कळायलाच हवं होतं. घशाखाली घास उतरत नव्हता हो.

सकाळी अंगणात बॉनेट उघडलं. बॅटरी चार्ज करून घेतली होती. इंजिन चालू केलं, दिवे लावले.

बारा पॉइंट एक. अकरा पॉइंट नऊ. अकरा पॉइंट सात.

संपलं. मीच मारलं तिला. मडगार्डवर डोकं टेकून ढसाढसा रडलो.

एरवी या कामाला स्टिअरिंगवर ती बसायची. मी "दे" म्हटलं की रेस द्यायची, नेहमी जरा जास्तच. वर म्हणायची, "तुमच्या ओरडण्यानेच चार्ज होते ती." रडता रडता सवयीने तोंडातून निघालं, "दे."

इंजिन घुमलं. जरा जास्तच.

काचेतून पाहिलं. सीट रिकामी. रेसची केबल अडकली असणार, म्हणून बॉनेटखाली तिला हात लावला. अडकलेली नव्हती. पायाने पेडल दाबल्यावर असते तशी ताणलेली होती, आणि किंचित थरथरत होती.

मीटर चढत होता. तेरा. तेरा पॉइंट आठ. चौदा पॉइंट दोन.

इंजिन बंद केलं. पाना घेऊन अल्टरनेटरचा पट्टाच उतरवला. पट्ट्याशिवाय तो फिरतच नाही, चार्ज काय करणार, कपाळ! पुन्हा चालू केलं. रेस आपोआप चढली.

चौदा पॉइंट दोन.

मुलगी खिडकीत आली. "काय आलं, बाबा?"

पट्टा माझ्या हातात होता.

"चौदा," मी म्हणालो.

"म्हणजे तुमची चूक नव्हती!" ती हमसून रडायला लागली. दीड महिन्यात पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट बघितलं.

बॉनेटखाली केबल हळूच सैल झाली.