गाळातले लाल धागे

ठरलेली होडी आलीच नाही, म्हणून तो आपली होडी घेऊन आला. आणि मी? खाडीच्या गाळात गुडघ्यापर्यंत रुतलेली! त्याने हात दिला.

"मॅडम, गाळ न्यायला आलात की गाळात राहायला?"

मी जाम चिडले. तरी तोंडातून निघालं काय, तर — "लाल रंग तुम्हाला छान दिसतो..." शी! असं कुणी बोलतं का?

मग तीन महिने त्याचीच होडी. गाळात प्लॅस्टिकचे किती कण आहेत, ते मला शोधायचं होतं. मी नळी खुपसायची, तो धरायचा. डोक्याला डोकं लागायचं बाकी!

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि हादरलेच. लाल प्लॅस्टिकचे धागे! सगळ्या नमुन्यांत, अगदी खोलच्या, माझ्या जन्माआधीच्या थरातसुद्धा! प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "मोठा शोध आहे. उद्या सगळ्यांसमोर मांड. तुझी नोकरी पक्की समज."

त्याच दुपारी माझी होडीत राहिलेली डबी द्यायला तो प्रयोगशाळेत आला. दारात उभा — लाल स्वेटर घालून. त्याच्या बाहीचा धागा ओढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला... हुबेहूब तोच!

"अरे, हे प्लॅस्टिक आहे!"

"काहीतरीच! दुकानदार अस्सल लोकर म्हणाला होता."

"माझे तीन महिने मातीत घातलेस तू! एवढ्या उन्हात स्वेटर कोण घालतं?"

त्याने मान खाली घातली. "पहिल्या दिवशी गारठा होता. नंतर... तुम्ही छान दिसतो म्हणालात ना."

"उकडत नव्हतं?"

"फार."

मला रडू येत होतं आणि हसूही. वेडा कुठला!

तो दारातच थांबला आणि मी सरांना सगळं खरं सांगितलं. शोध गेला, नोकरी लांबली, नमुने पुन्हा घ्यायचे. लाल वगळले तरी निळे-पांढरे धागे ढीगभर होतेच, पण आता त्यांच्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा? सर थक्क झाले. "होडीवाल्याच्या स्वेटरचे एवढे धागे नळीत? तो उभा तरी कुठे होता?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून आवाज आला, "यांच्या जितकं जवळ उभं राहता येईल तितकं, सर."

माझे तर कान तापले.

"आणि आता?" सरांनी कसंबसं विचारलं.

"सुती शर्ट घालीन. जागा तीच."

दोघेही माझ्याकडे बघत राहिले.

"उद्या सहाला ओहोटी आहे," मी म्हणाले. "उशीर करू नकोस."