डावीकडचं मडगार्ड

जरीपटक्याच्या बाजारात मी वळण घेतलं आणि माझ्या पिकअपचं टायर मडगार्डला असं करकरलं, की भाजीवाल्यासकट सगळे वळून बघायला लागले. समोरच्या गॅरेजमधला एक उंच माणूस थेट रस्त्यात येऊन उभा राहिला.

"मॅडम, टायर मोठे टाकले अन् मडगार्ड तसंच ठेवलं?"

"मग काय करायचं होतं?"

"कापाचं होतं. आणखी चार वळणं घ्याल तं टायर फाटन."

राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. मी दामिनी, खापरखेड्याच्या पलीकडे गावोगावी संत्र्याची कलमं पोचवते. चिखलात गाडी रुतते म्हणून हौसेनं मोठे टायर घेतले, आणि हा मला शिकवतो. पण हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडत होत्या... त्या बघता बघता मी गाडी आत कधी घेतली, मलाच कळलं नाही.

उन्मेष त्याचं नाव. तीन दिवस झाले तरी पठ्ठ्या नुसत्या खडूनं रेघा मारत होता. मागं वाळूची पोती चढवायची, मला स्टिअरिंग पूर्ण वळवायला लावायचं, वाकून बघायचं आणि रेघ पुसायची.

"काहून एवढा घोळ घालून राहिले तुम्ही?"

"रिकाम्या गाडीवर माप घेतलं तं चुकते. वजन पडलं की मडगार्ड टायरवर टेकते." त्यानं खडू कानामागं खोचला. "अन् एकदा कापलं की जोडता येत नाही."

खरं सांगते, मला तो आवडला होता — चांगलाच. पण मडगार्ड झालं की इथं यायचं कारण संपणार, आणि हा बाबा टायरशिवाय दुसरं काही बोलायला तयार नाही.

शनिवारी त्यानं ग्राइंडर चालवला. मी गाडी वळवून बघितली. कुठं आवाज नाही. उतरून वाकले, तर उजवीकडे तीन बोटं जागा आणि डावीकडे चांगली चार. माझं डोकंच सणकलं.

"डावीकडे जास्त कापलं. एवढं मोजून शेवटी चुकलेच नं?"

"चुकलो नाही." तो हातातल्या फडक्याकडे बघत राहिला. "शेजारी माणूस बसला की गाडी डावीकडे दबते."

"माझ्या शेजारी कोणी बसत नाही."

"माहीत आहे... मी माझं वजन धरलं."

मी परत वाकून ती चार बोटं मोजली.

"कापायच्या आधी विचाराचं तरी होतं."

"हिंमत नाही झाली. तुम्ही नाही म्हणाल, तं नवं मडगार्ड लावून देतो."

मी गाडीत चढले आणि आतून डावीकडचं दार उघडलं. तो हात पुसत पुसत येऊन बसला. मी स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, गॅरेजच्या अंगणात एक चक्कर मारली. टायर कुठं लागलं नाही.

"माप बरोबर आहे," मी म्हटलं.

"मग... उतरू?"

"उतरवासाठी बसवलं का तुले?"