शिमग्याची बावीस पत्रे

दिनांक ११ डिसेंबर २०२४, बुधवार, सकाळचे पावणेअकरा. स्थळ : उपनगरातील दिवाणी न्यायालय, दुसऱ्या मजल्यावरचा बाक. यज्ञेश मराठे या तरुण वकिलाचा काळा गाऊन त्या बाकावर होता, आणि गाऊनवर एक मुलगी बसली होती.

"जरा उठता का? गाऊन माझा आहे."

"अय्या, सॉरी हं…" तिने उठून तो झटकला. "चुरगळला ना! आता न्यायाधीश काय म्हणतील?"

"काही नाही. त्यांनी अजून माझ्याकडे नीट पाहिलेलंच नाही."

ती हसली. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिले. "मी वकील शोधतेय. भांडणारा. नुसते बोलणारे तीन भेटले."

तिचे नाव गंधाली परब. भांडुपच्या टेकडीवरील मैदान पालिकेच्या नकाशात सार्वजनिक होते. शेजारच्या गोठ्याचे मालक शिवदास शेठ आता त्यावर हक्क सांगत होते. कुंपणाचे खांब येऊन पडले होते. दाव्याचा निकाल लागेपर्यंत बांधकाम थांबावे, एवढाच तात्पुरता मनाई हुकूम तिथे दरवर्षी होळी उभारणाऱ्या तिच्या मंडळाला हवा होता.

यज्ञेशने वकीलपत्र घेतले. कागद पाहायला तो परबांच्या घरी जाऊ लागला, आणि कागद संपले तरी जातच राहिला.

"आज कुठला कागद राहिला रे?" गंधाली दारातच विचारी.

"आठवत नाही… चहा घेतला की आठवेल."

"चहा संपलाय."

"मग नुसता बसतो."

तिच्या कानांवर चढणारी लाली तो मन लावून वाची. कायद्याच्या पुस्तकात इतके लक्ष त्याने क्वचितच घातले असेल.

जानेवारीत तिच्या वडिलांनी, अनंतरावांनी, एक जुनी फाईल पुढे ठेवली. गिरणीतून सुटल्यावर त्यांनी बावीस वर्षे मंडळाचे चिटणीसपद सांभाळले होते. दर शिमग्याला त्यांनी शिवदास शेठना एक पत्र धाडले होते. फाईलमध्ये त्या पत्रांच्या प्रती होत्या. ‘आपल्या मालकीच्या जागेत होळी उभी करण्यास परवानगी असावी, ही नम्र विनंती.’

यज्ञेशने ती ओळ पुन्हा वाचली. "काका, मालकीच्या? असं का लिहिलंत?"

"शेजारधर्म, वकीलसाहेब. आमच्या गावात इचारल्याबिगर कोण होळी उभी करतत काय? मान दिलो."

गंधाली त्याला जिन्यापर्यंत सोडायला आली. "ही फाईल वगळ ना. शेठकडे एकसुद्धा पत्र नसणार. तो माणूस लाइटचं बिल जपत नाही."

"तातडीचा हुकूम मागणाऱ्याने न्यायालयापासून काही दडवायचं नसतं, गंधाली. पत्रं जोडू आणि सांगू, हा मान होता, कबुली नव्हे. बावीस वर्षांची वहिवाटही त्यातूनच दिसते."

"आणि नाही पटलं तर?"

"पटेल."

"यार, तू तुझ्या पुस्तकासाठी भांडतोयस की आमच्यासाठी?"

त्याने तरीही पत्रे जोडली.

फेब्रुवारीत सुनावणी झाली. शेठकडे खरोखरच एकही पत्र उरले नव्हते. त्यांच्या वकिलांनी यज्ञेशच्याच अर्जाला जोडलेली पत्रे एकेक करून मोठ्याने वाचली. प्रत्येकाच्या शेवटी ‘आपला नम्र, अनंत परब’. सातव्या पत्राला अनंतराव उठले आणि भिंतीला हात लावत बाहेर गेले. यज्ञेश तासभर भांडला. इतके उत्तम तो पूर्वी कधीच बोलला नव्हता. न्यायाधीशांनी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले, आणि अर्ज फेटाळला.

चौथ्या दिवशी तो टेकडी चढला, तेव्हा मैदानाच्या तीन बाजू बंद झाल्या होत्या. चौथ्या बाजूला गंधाली उभी होती.

"अपील करता येईल," तो म्हणाला.

"तोपर्यंत पाया भरून होईल."

"काका कसे आहेत?"

"जेवत नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसतात. एकच म्हणतात — मैदान मी दिलं."

खांब ठोकण्याचा आवाज थांबला. "मी निकालाची वाट पाहत होतो, गंधाली… निकाल असा लागेल असं वाटलं नव्हतं. तरी विचारतो. लग्न करशील माझ्याशी?"

तिने त्याची बाही धरली, घट्ट, जणू तोच निघून चालला होता. डोळे भरले होते; आवाज मात्र भरला नाही.

"डिसेंबरात विचारलं असतंस तर हो म्हणाले असते. आता तू दारात आलास की बाबांना ती सातही पत्रं ऐकू येणार. मलाही." तिने बाही सोडली. "तू चुकला नाहीस, यज्ञेश. पण मी तुझ्याशी लग्न करणार नाही."