हसला की गाडी धावते

“पार्वता, तिले सांग... माह्या पोराचा तमाशा मांडू नको म्हनाव!”

अंगणातून चिंधूजींचे हे शब्द आत आले आणि रीना कॅमेऱ्याची वायर जोडता जोडता थांबली. बाप दारापलीकडे दोन हातांच्या अंतरावर उभा होता, लेक त्याला समोर दिसत होती... तरी सानगडीच्या त्या घरात गेली चार वर्षं तो तिच्याशी एक शब्दही सरळ बोलला नव्हता! जे काही सांगायचं ते आईच्या, पार्वताबाईंच्या तोंडून. “तिले सांग, दवाई संपली.” “तिले सांग, पानी तापलं.” त्या ‘तिले’ या शब्दाने रीनाचं काळीज रोज नव्याने विंधलं जाई, आणि रोज ती हसूनच म्हणे, “हाव बाबा.”

“तमाशा कायचा जी?” पार्वताबाई कळवळून म्हणाल्या. “खेळन पोरगा घडीभर!”

“ज्याचं बोट हालत नाई, त्याले खेळ दाखवता? त्याच्या जिवाले काय वाटन?” एवढं बोलून चिंधूजी खांद्यावर दुपट्टा टाकून धानाच्या बांधीकडे निघून गेले.

खिडकीजवळच्या पलंगावर रीनाच्या धाकट्या भावाने, अश्वजितने डोळे मिटून घेतले. सव्वीस वर्षांचा उमदा पोरगा! साकोलीहून रीनासोबत परतताना मोटरसायकल अंधारातल्या उभ्या ट्रॉलीवर आदळली, आणि डोक्याला बसलेल्या त्या एका मारात हातपाय गेले, वाचा गेली. उरले फक्त दोन डोळे, भुवया आणि ओठांची किंचित हालचाल. एकदा पापणी मिटली की ‘हो’, दोनदा मिटली की ‘नाही’. त्या पापण्यांची भाषा घरात एकट्या रीनालाच धडपणे वाचता येई.

आणि त्या पापण्यांमागे काय दडलं होतं, तेही एकट्या रीनालाच ठाऊक होतं...

अपघाताच्या दिवशी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात चिंधूजी वेड्यासारखे ओरडले होते, “गाडी कोन चालवत होतं? लय जोरात चालवते म्हनून त्याच्याकडून किल्ली काढून घेतली होती मी! त्यानं चोरून चालवली असन तर तो माहा कोनी नाई!” आत भाऊ मरणाच्या दारात. त्याला उद्यापासून उचलायला, न्हाऊ घालायला, कुशीवर वळवायला याच बापाचे हात लागणार होते... गळ्याशी मोडलेलं हाड दाबून धरत रीना पुढे झाली आणि म्हणाली, “मी चालवत होती, बाबा.”

बस्स! त्या एका वाक्यात तिने स्वतःचा बाप गमावला आणि भावाला तो अखंड मिळवून दिला. साकोलीच्या संगणक वर्गातली शिकवायची नोकरी तिने सोडली, जमत आलेली सोयरीक मोडू दिली. शुद्धीवर आल्यावर अश्वजितच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, तेव्हा ती त्याच्या कानाशी कुजबुजली होती, “मले माहीत हाये तुले काय म्हनाचं हाये. पन मी ते कोनाले सांगनार नाई, अशू. बाबाची माया तुले लागते आता.” दोनदा मिटलेल्या पापण्या तिने पाहूनही पाहिल्या नव्हत्या.

आता मात्र तिच्या मनाने एकच ध्यास घेतला होता. एकेकाळी साकोलीच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात गाड्यांच्या शर्यतीचा खेळ अश्वजितसारखा कोणी खेळत नसे. तो खेळ त्याला परत द्यायचा! नागपूरच्या पुनर्वसन केंद्रातल्या एका बाईंनी नजर टिपणारी एक काळी पट्टी वापरायला दिली होती. ती संगणकाच्या स्क्रीनखाली चिकटवायची, वर साधा कॅमेरा लावायचा. पट्टी डोळे कुठे बघतात ते ओळखते, कॅमेरा चेहऱ्याचे हावभाव ओळखतो.

पण ऐकायला जितकं सोपं, तितकंच करायला छळणारं! स्क्रीनवर एकेक ठिपका उमटे, त्याच्याकडे टक लावून पाहायचं. चार कोपऱ्यांचे ठिपके जमले की मधला निसटे. दोन दिवस असेच गेले. अश्वजितची मान डावीकडे कलत असे. रीनाने टॉवेलची गुंडाळी करून मानेखाली दिली. खिडकीतल्या उन्हाने त्याचे डोळे दिपत. पार्वताबाईंनी आपलं जुनं लुगडं खिडकीला बांधलं.

आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ठिपके पाचही जमले!

“बाई वं! जमलं!” पार्वताबाईंनी टाळीच वाजवली.

रीनाने भराभर मांडणी केली. नजर जिकडे, गाडी तिकडे. भुवया उचलल्या की वेग, हसला की ब्रेक. खेळ सुरू झाला. अश्वजितने भुवया उचलल्या, लाल गाडी सुसाट निघाली... आणि कचकन थांबली! पुन्हा निघाली, पुन्हा थांबली!

“काहून थांबते हे?” रीना वैतागून त्याच्याकडे वळली आणि पाहतच राहिली. अश्वजित हसत होता! गाडी हलली रे हलली की आनंदाने त्याचे ओठ फाकत, आणि यंत्राला वाटे ब्रेक लागला!

“माय वं...” रीनाला हसू आवरेना, रडू आवरेना. “तुले हासू नको कसं म्हनू रे? चार वर्सानं हासून राहिला तू!” तिने डोळे पुसले आणि सगळं उलटं केलं. हसला की वेग, भुवया उचलल्या की ब्रेक!

मग काय विचारता! तो हसला, गाडी धावली. गाडी धावली म्हणून तो आणखी हसला. वळणं मागे पडू लागली. घशातून घोगरा, आनंदाचा आवाज फुटू लागला. तो ऐकून बांधीवरून परतलेले चिंधूजी धावतच आत आले. काय झालं पोराला? ते पलंगामागे येऊन वाकले, आणि कॅमेऱ्याने अश्वजितला सोडून नेमका त्यांचाच चेहरा पकडला! आश्चर्याने वर चढलेल्या त्यांच्या जाड भुवया पाहून गाडी जागीच उभी राहिली.

“तुम्ही बाजूले व्हा जी! तुमच्या भुवयांनं गाडी रोकली!” पार्वताबाई ओरडल्या.

चिंधूजी गोंधळून बाजूला झाले, आणि त्यांना लेकाचं हसू दिसलं. तरुणपणी शंकरपटाच्या शर्यतीत बैलजोडी हाकणारा तो माणूस! लाल गाडी पुन्हा निघताच त्यांचं रक्त उसळलं. “हाण बेटा! उजवीकडून काढ! आता सोडू नको!” असं ओरडत त्यांनी पलंगाची कड बडवली. अश्वजितने शेवटची गाडी मागे टाकली आणि शर्यत जिंकली!

पडद्यावर विजेत्याचं नाव लिहायची चौकट आणि खाली अक्षरांची पाटी आली. रीना पुढे झाली. अश्वजितने दोनदा पापण्या मिटल्या. नाही! तो स्वतः लिहिणार होता. नजर एकेका अक्षरावर थांबत गेली... ‘गाडी मी चालवली’.

“हाव रे माह्या वाघा! पायलं न मी! तूच चालवली!” चिंधूजींनी त्याच्या कपाळावर हात फिरवला.

अश्वजितचं हसू मावळलं. डोळे भरून आले, तरी नजर पुन्हा अक्षरांवर गेली... ‘त्या दिवशी’.

तो काय लिहितोय ते रीनाला उमगलं. “अशू, नको... नको रे!” ती पट्टी काढायला झेपावली, पण चिंधूजींनी तिचं मनगट धरलं. अक्षरं उमटतच राहिली... ‘ताई मांगं होती’.

चिंधूजी गुडघे टेकून खाली बसले. “अशू... गाडी तू चालवत होता?”

पापणी एकदा मिटली.

त्यांनी अजून धरून ठेवलेल्या त्या मनगटाकडे पाहिलं. चार वर्षं... चार वर्षं या हाताने आपलं घर सांभाळलं, आणि आपण...! “रीना...” चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते नाव घेतलं. “माय, काहून नाई सांगतलं वं मले?”

“तुम्ही त्याले टाकलं असतं, बाबा.”

“अन् तुले टाकलं ते?”

रीनाने बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि चार वर्षं कोंडलेले हुंदके मोकळे झाले. पार्वताबाई दोघांना कवेत घेऊन रडत होत्या. चिंधूजींनी एक हात लांबवून लेकाचे ओले गाल पुसले. “तुह्यावर कायचा राग रे आता? खरं बोलला तू! तेवढ्यासाठी किती अक्षरं वेचली, बेटा!”

दुसऱ्या दिवसापासून चिंधूजी हट्टाने लेकीपुढे बसले. “मले शिकव. पट्टी कशी लावाची, ठिपके कसे धराचे, सारं शिकव. तू आपल्या नोकरीवर जाय.” महिन्याभरात त्यांना सगळं जमू लागलं, आणि रीना पुन्हा साकोलीच्या संगणक वर्गात उभी राहिली.

पहिल्याच आठवड्यात भरदुपारी तिचा फोन वाजला. पोरांना थांबायला सांगून तिने तो घाबरतच उचलला. “काय झालं बाबा?”

“रीना, तो खालचा ठिपका काई धरून नाई राहिला वं!”

“खिडकीचं लुगडं सरकलं असन. नीट बांधा.”

पलीकडे खुडबुड झाली, पार्वताबाईंचा ओरडा ऐकू आला, आणि मग गाडीच्या घरघरीत अश्वजितचं घोगरं हसू मिसळलं.

“धरला, धरला! ठेव आता फोन,” चिंधूजी घाईने म्हणाले, “शर्यत सुरू झाली!”