तोंडाची वाफ

कालचीही चार दहाची नोंद गायब होती. चार नऊची होती, चार अकराची होती. मध्ये नुसती आडवी रेघ. निवृत्त मुद्रितशोधकाने कपाळाला हात लावला. गच्चीवरच्या हवामानयंत्राचे सेल त्याने तीनदा बदलले होते, वायर बदलली होती, संगणक बंद करून पुन्हा चालू केला होता. तरी एकोणीस दिवस रोज तेच एक मिनिट बेपत्ता.

आणि एकोणीस दिवस बायको बेपत्ता. दुपारी चारच्या सुमारास वाळलेले कपडे काढायला ती गच्चीवर गेली, ती उतरलीच नाही. जिना एकच, आणि त्याच्या पायथ्याशीच हा संगणकापुढे बसलेला. पोलिसांनी हात टेकले होते. आता त्याची सगळी भिस्त त्या हरवलेल्या मिनिटावर होती. वारा, तापमान, कशावरून तरी काही कळेल.

"भावोजी, यंत्रात काय सापडणार आहे?" मेव्हणीने चहाचा कप पुढे सरकवला. "ताई त्याच्यावर हाऽऽ करायची, तर किती चिडायचात तुम्ही!"

त्याचा हात थांबला. खरेच होते. ती काही सांगू लागली की तो म्हणे, "उगाच तोंडाची वाफ दवडू नकोस." मग ती गच्चीवर जाई, चष्म्याच्या काचेवर सोडावी तशी वाफ यंत्राच्या डबीवर सोडी आणि वरून ओरडे, "बघा, ही तरी वाया नाही गेली!" आलेखात ताडकन सुळका उठे. जन्मभर इतरांच्या चुका खोडणाऱ्या माणसाला तो बघवत नसे. ती नाहीशी झाली त्याच दिवशी दुपारी, ती वर जाण्याआधी, वैतागून त्याने ‘विसंगत आकडे वगळा’ या पर्यायावर खूण केली होती. पुढे जे घडले त्यात ती खूण विसरून गेला होता.

त्याने ती खूण काढली.

रेघा भरल्या. रोज चार दहा. आर्द्रता नव्याण्णव. पहिल्या दिवशी तापमान चौतीस. मग तेहेतीस. बत्तीस. रोज एकेक अंश उतरत काल सोळा.

"ती बोलतेय गं," तो मेव्हणीला म्हणाला, आणि त्याला रडू फुटले. "आणि मी रोज खोडत बसलो."

घड्याळात चार आठ. तो धावतच जिना चढला.

वर ऊन रणरणत होते. रिकामी दोरी, चार चिमटे. पांढऱ्या डबीला कान लावून त्याने श्वास रोखला.

काही नाही. वारासुद्धा पडलेला.

"बोल ना गं," तो मनातल्या मनात म्हणत राहिला. "काहीही बोल."

"आली, भावोजी!" खालून मेव्हणी ओरडली. "नव्याण्णव! आणि पंधरा! तुम्हीच केलंत ना हाऽऽ?"

नाही म्हणायला तो जिन्याकडे वळला, तर जिनाच दिसेना. चष्म्याच्या दोन्ही काचांवर वाफ धरली होती. बाहेरच्या बाजूने.

पुसायला उचललेले बोट त्याने मागे घेतले. कडेपासून वाफ उडू लागली होती.