चौथ्या मजल्यावरचं भुंकणं

दुपारचे तीन. इमारतीचा वरचा मजला, समोरासमोर दोन दारं. सोसायटीचे सेक्रेटरी काखेत तक्रारवही आणि हातात घर रिकामं करण्याची नोटीस घेऊन जिना चढले.

या इमारतीत कुणी कुणाची बेल वाजवत नसे. जे असेल ते गेटवरच्या वहीत, वेळ घालून, सहीनिशी. अकरा दिवसांपूर्वी भाडेकरू शिंपीणबाईंचा कुत्रा समोरच्या दाराशी बसून दोन दिवस भुंकत राहिला. एकोणीस तक्रारी आल्या. का भुंकतोय ते बघायला एक माणूस वर चढला नाही. सेक्रेटरींनी सही केली, कुत्र्याला घालवलं.

तरी तक्रार रोज येतच होती. हस्ताक्षर एकच, समोरच्या निवृत्त प्राध्यापकांचं : ‘३ वाजून १० मिनिटे. कुत्रा भुंकत आहे.’

शिंपीणबाईंनी दार उघडलं. “या साहेब. शिलाई मशीनची तक्रार तेवढी राहिली होती.”

“बाई, कुत्रा कुठे लपवलाय? सांगा, नाहीतर आजच घर सोडावं लागेल.”

“भावाकडे पाठवला, नऊ दिवस झाले. पलंगाखाली बघा हवं तर.”

सेक्रेटरी खरंच वाकले. खाली रिकामा वाडगा आणि कापडाच्या चिंध्या.

“मग सर रोज लिहितात ते...”

“सर?” बाईंचा आवाज उतरला. “सर तर मला कितीतरी दिवसांत दिसले नाहीत...”

तेवढ्यात भुंकणं सुरू झालं. समोरच्या बंद दाराआडून. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

दोघं बाहेर आले. दाराच्या फटीतून वास येत होता. तोही वहीत होता : ‘गटार तुंबले आहे’, पाच सह्या.

बोलावून आणलेल्या चावीवाल्यानं कुलूप उघडलं आणि आवाज मध्येच तुटला. आत कुत्रा नव्हता. प्राध्यापक दाराशीच पालथे पडले होते, एक हात कडीकडे.

“जाऊन आठ-नऊ दिवस झाले,” तपासायला आलेले डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले. “पण पडल्यावर दोनेक दिवस जिवंत असावेत.”

शिंपीणबाईंनी फक्त सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी नोटीस फाडली, मग वही उघडली. आजच्या तारखेला, त्याच हस्ताक्षरात, सहीनिशी एक ओळ होती : ‘३ वाजून ४० मिनिटे. दार उघडले. आता तक्रार नाही.’

वही तीन वाजल्यापासून सेक्रेटरींच्या काखेतच होती.