पुढचं डावं चाक

चढावरून एक गाडी उलटी घसरत येत होती, आणि तिचा सांगाडा धरून एक उंच माणूस तिच्याबरोबर फरफटत येत होता.

गाडी आपली म्हणायची. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार चाकं आणि एक खुर्ची. ना पत्रा, ना काच. पाच लिटरचा डबा हातात घेऊन खालून चढ चढणारी पेंटरबाई जागच्या जागी थबकली.

"अहो, ब्रेक लावा!" ती ओरडली.

"ब्रेक घरी आहेत!"

"घरी?"

"डब्यात!"

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. तिनं हातातला डबा गाडीच्या मागच्या चाकाखाली सरकवला आणि उडी मारून बाजूला झाली. डबा चेपला, झाकण उडालं, गाडी थांबली... आणि पिवळाधमक रंग रस्त्यावर, गाडीवर आणि त्या माणसाच्या पँटवर गुडघ्यापर्यंत उडाला.

तो सावकाश वाकला. सावकाश त्यानं चाकाखाली एक मोठा दगड लावला. मग सावकाश तिच्याकडे पाहिलं.

"इथे वर कुणी पेंटरबाई आहेत म्हणे," तो म्हणाला. "त्यांच्याकडेच निघालो होतो. काम चोख करतात, पण भयंकर रागीट आहेत असं ऐकलंय."

"बरोबर ऐकलंय," पेंटरबाई म्हणाली. "आणि हा रंग शाळेच्या बसचा होता."

"अरे बापरे..." तो हसला. हसताना त्याचा डावा गाल आधी हसायचा आणि उजवा जरा मागाहून यायचा. ही गोष्ट तिनं काही कारण नसताना पाहून ठेवली. "मग आता गाडी पिवळीच करावी लागणार!"

त्याला सगळे सावकाश म्हणत. कारखान्यात लेथवर काम करायचा, बोलायचा सावकाश, जेवायचा सावकाश, जिना उतरायचा तोही एकेका पायरीला विचारून. असा माणूस शर्यतीत गाडी चालवतो हे ऐकून लोकांची हसून पुरेवाट व्हायची. पण घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षं खपून त्यानं ही गाडी स्वतःच्या हातांनी जुळवली होती. वर्षातून एका रविवारी घाटाचा रस्ता बंद करून घरी बनवलेल्या गाड्यांची शर्यत व्हायची. एकेक गाडी एकटी वर जायची, घड्याळ लावून. वर्षाला एकच फेरी. रांगेतून बाहेर पडलं की संपलं, पुढच्या वर्षी या.

त्या रविवारला आता पंधरा दिवस उरले होते, आणि गाडी नटबोल्टांसकट सुटी होऊन बरण्यांमध्ये भरलेली होती.

तिसऱ्या दिवशी पेंटरबाई नळ्यांवर पॉलिश पेपर घासत असताना एक बाई तिच्या वर्कशॉपमध्ये आल्या. अंगावर नर्सचा गणवेश, चेहऱ्यावर रात्रपाळीचं जागरण.

"मी त्याची मोठी बहीण. तो नाही ना इथे? बरं झालं." त्या स्टुलावर बसल्या. "गेल्या वर्षी काय झालं ते सांगितलं त्यानं? नसेलच सांगितलं. तिसऱ्या वळणावर पुढचं चाक निखळलं. खांद्याचं हाड मोडलं. मी ज्या वॉर्डात नर्स, त्याच वॉर्डात माझा भाऊ!"

पेंटरबाईचा हात थांबला.

"एक नट सैल राहिला होता. आवळला त्यानंच, तपासलाही त्यानंच. आपली चूक आपल्याला कुठे दिसते? म्हणून या वर्षी मी अट घातलीय. आवळणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. तुमचा हात सरळ आहे, डोळा तीक्ष्ण आहे, आणि त्याच्या गोड बोलण्याला तुम्ही भुलणार नाही असं तुमच्याकडे बघून वाटतं." ताईंनी तिचा पॉलिश पेपरने खरखरीत झालेला हात हातात घेतला. "कराल ना एवढं?"

"करेन," पेंटरबाई म्हणाली.

रंग देऊन झाला. प्रायमर, पुन्हा घासणं, मग पिवळ्याचे तीन हात. रंग वाळला तशी जुळवाजुळव सुरू झाली. संध्याकाळी कामावरून सुटला की तो थेट तिच्याकडे यायचा. पद्धत ठरलेली होती. त्याच्याजवळ एक लांब दांड्याचा पाना होता. नट हवा तेवढा घट्ट झाला की पाना आतून 'टक्' असा आवाज करायचा. तो टक् झाला की पेंटरबाईनं बारीक ब्रशनं नटावरून शेजारच्या लोखंडावर एक पांढरी रेघ ओढायची. पुढे नट कणभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. टक् नाही तर रेघ नाही. असे चौसष्ट नट होते.

"तेवीस," तो गाडीखालून म्हणायचा.

टक्.

"ऐकलं," ती म्हणायची आणि रेघ ओढायची.

"पेंटरबाई, तुम्ही कधी हसता का हो?"

"चौसष्ट झाल्यावर."

"मग जरा भरभर आवळतो."

"खबरदार!"

ती अशी खेकसली की तो बिचारा खरंच दचकला. त्याला काय माहीत, तिचा जीव किती टांगणीला लागला होता ते! दुपारी ट्रकच्या पाटीवर अक्षरं काढतानाही तिला तिसरं वळण दिसायचं. न पाहिलेलं वळण, पण दगडन् दगड दिसायचा. आणि संध्याकाळचे साडेपाच वाजले की रस्त्यावर त्याच्या सायकलची घंटा वाजायची आणि भीतीच्या जागी दुसरंच काहीतरी व्हायचं. ते काय, हे तिला कळत होतं. कळून न कळल्यासारखं करायचंही तिनं ठरवलं होतं.

गुरुवारी पाऊस आला. पत्र्यावर असा ताशा वाजायला लागला की शेजारी बोललेलं ऐकू येईना. पुढच्या डाव्या चाकाच्या आतले आठ नट राहिले होते. टक् ऐकायला म्हणून ती अगदी खाली वाकली, कानात प्राण आणून. तो पाठीवर झोपलेला, ती कोपरावर टेकलेली, मधे दोन वितींचं अंतर. थिनरचा वास, ओल्या मातीचा वास...

"पेंटरबाई."

"आता काय?"

"तुमच्या पापणीवर पिवळा ठिपका आहे. छोटासा."

"असू दे."

"असूच दे," तो म्हणाला. "छान दिसतोय."

ती हसली. चौसष्ट व्हायचे होते तरी हसली. तो बघत राहिला आणि तीही बघत राहिली... मग पुढचा नट, पुढची रेघ. शनिवारी शर्यतीच्या परीक्षकांनी गाडी तपासली, एकेक पांढरी रेघ निरखली आणि म्हणाले, "असं नेटकं काम फार दिवसांनी पाहिलं." तिची कॉलर ताठ झाली.

रविवारी सकाळी घाटाच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागली. त्याचा नंबर चौदा. धुकं उतरत होतं, इंजिनं गुरगुरत होती. तो हेल्मेट घालून खुर्चीत बसला होता आणि ताई थर्मास छातीशी धरून उभ्या होत्या.

"तुम्ही आहात म्हणून मी आज इथे उभी तरी आहे," ताई तिला म्हणाल्या.

पेंटरबाईनं भीती घालवायला एक सोपा उपाय शोधला. गेले तीन दिवस ती जे करत होती तेच केलं — गुरुवार आठवला. पाऊस. दोन वितींचं अंतर. तो म्हणाला, ठिपका आहे. ती म्हणाली, असू दे. तो म्हणाला, छान दिसतोय. ती हसली. तो बघत राहिला. मग तिनं ब्रश उचलला आणि रेघ ओढली...

पुन्हा आठवलं. पुन्हा पहिल्यापासून. ठिपका, हसणं, बघणं, रेघ. मधे टक् नव्हता. इतक्यांदा आठवलेल्या त्या क्षणात त्याच्या भुवईवरचा थेंबसुद्धा होता, पण टक् नव्हता.

बारा नंबरची गाडी सुटली.

असेल, झाला असेल. पावसात ऐकू आला नसेल. परीक्षकांनी पास केली आहे की! पण परीक्षकांनी रेघ पाहिली, आणि रेघ तर तिनंच मारली होती. आता तोंड उघडलं तर त्याचं वर्ष जाणार. नाही उघडलं तर... तेरा नंबरची गाडी पुढे सरकली.

ती धावली. खिडकीला काच नव्हतीच. तिनं आत हात घालून गाडीची किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"अहो! काय करताय?" त्यानं हेल्मेट काढलं. "पुढचा नंबर माझा आहे!"

"बाहेर काढ गाडी."

"काय?"

"रांगेतून बाहेर काढ. पुढचं डावं चाक. आठांपैकी एक नट... मी टक् न ऐकता रेघ मारली. कुठला ते आठवत नाही."

"तुम्ही? टक् न ऐकता? शक्यच नाही. तुमचं लक्ष—"

"माझं लक्ष तुझ्याकडे होतं!" ती म्हणाली. आवाज चिरकला, पण आता थांबता येईना. "तो ठिपका म्हणालास ना, तेव्हा. मी तुझ्याकडे बघत होते. मला तू आवडतोस, आणि म्हणून मी चुकले, आणि तुझं वर्ष जाणार आहे हे मला कळतंय, पण तू त्या वळणावर... मला नाही बघवणार रे. काढ ना बाहेर!"

मागच्या गाडीतल्या माणसानं चक्क स्वतःचं इंजिन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून.

झेंडेवाला ओरडला, "चौदा! येताय की नाही?"

सावकाशनं समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं एखादी गोष्ट झटकन केली. स्टिअरिंग वळवलं, गाडी सुरू केली आणि रांगेतून बाहेर गवतात नेऊन उभी केली.

जॅक लावला, चाक काढलं. तो पाना घेऊन बसला, ती त्याच्याशेजारी, ताई मागे. सैल निघावा असंही तिला वाटेना आणि घट्ट निघावा असंही वाटेना.

पहिला. टक्. दुसरा. टक्. प्रत्येक टक् ऐकून तिचा जीव भांड्यात पडत होता आणि त्याच टक्नं आणखी खचतही होता. सहावा, सातवा... आठवा. टक्.

आठही नट घट्ट होते. कणभरसुद्धा कुणी फिरला नव्हता.

घाटात पंधरा नंबरची गाडी चढत गेली. तिचा आवाज एकेका वळणानं कमी होत नाहीसा झाला. तो पाना मांडीवर ठेवून तिकडे कान लावून बसला होता. पेंटरबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"म्हणजे उगाचच," ती म्हणाली. "मी तुझं वर्ष उगाचच घालवलं."

"हो. वाईट वाटतंय," तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू? खूप वाईट वाटतंय."

त्यानं मांडीवरचा पाना एकदा उलटसुलट केला.

"पण एवढा मोठा टक् झाला," तो सावकाश म्हणाला, "आणि तुला ऐकूसुद्धा आला नाही?"

"नाही."

"इतकी बघत होतीस?"

"आता चिडवतोस काय! मला रडू येतंय."

"चिडवत नाही." त्यानं पाना गवतात ठेवला. "तू किल्ली फिरवलीस तेव्हा मी म्हणणार होतो, की आवळले होते मी, मला चांगलं आठवतंय. पण आठवेना. पाना माझ्या हातात होता आणि मला आठवेना. हातानं सवयीनं आवळला असेल. मी... मी त्या पापणीवर होतो. चौदा दिवसांपासून सांगायचं म्हणतोय, जमतच नव्हतं."

तिनं डोळे पुसायला हात वर नेला, तो त्यानं मधेच धरला आणि सोडला नाही.

"थांबा जरा," मागून ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज फार शांत होता, म्हणजे फार वाईट होता. "आवळणारा हिच्याकडे बघत होता आणि तपासणारी याच्याकडे. आणि मी इथे कुणाच्या भरवशावर उभी होते?"

त्यांनी गवतातला पाना उचलून आपल्याकडे घेतला.

"पुढच्या वर्षी रेघा मी मारणार," ताई म्हणाल्या. "एकटी. चौसष्टच्या चौसष्ट. आणि नट आवळून होईपर्यंत तुम्ही दोघांनी एका छपराखाली यायचं नाही."

"मग मी काय करू?" पेंटरबाईनं विचारलं.

"तू रंग दे," तो म्हणाला. डावा गाल हसला, मग उजवा. "आणि शर्यतीच्या दिवशी वर ये. तिसऱ्या वळणावर उभी राहा. मी सावकाश वळवीन."

तिनं नाक ओढत मान हलवली. मग चाक परत बसवायला दोघं एकदमच वाकले, तेव्हा ताई थर्मास घेऊन मुद्दाम दोघांच्या मधे येऊन बसल्या.